दिवसा मोकळे, रात्री बंद: कोकणातल्या घराच्या आवारात मोठे कुत्रे

प्रश्न थोडक्यात असा. निवृत्तीनंतर डोंबिवलीहून गुहागर तालुक्यातल्या मूळ घरी राहायला आलेलं जोडपं. सोबत जर्मन शेफर्ड नर आणि लॅब्रेडॉर मादी. घराभोवती वीस गुंठे नारळी-पोफळीची वाडी, कमरेएवढा जुना गडगा (सुक्या चिऱ्यांची रचलेली भिंत), पुढे बांबूचं बेडं (आडव्या दांड्यांचं फाटक). शेफर्ड माकडांच्या मागे दोनदा गडगा ओलांडून गेला आणि एकदा शेजाऱ्यांच्या वासराच्या अंगावर धावला. वाडीतले लोक सांगतात, "दिवसा साखळीला बांधा, रात्री सोडा, घराची राखणही होईल." पाणंदीत बिबट्या दिसल्याचंही बोललं जातंय. तर हा सल्ला बरोबर आहे का, आणि कुंपण किती उंच करावं?

हा सल्ला कोकणात घरोघरी मिळतो आणि तो नेमका उलटा आहे. मी या किनारपट्टीत जनावरांचा डॉक्टर म्हणून आयुष्य काढलंय. मोठ्या कुत्र्यांच्या ज्या केसेस आठवल्या की अजून वाईट वाटतं, त्यातल्या बहुतेक रात्री मोकळ्या सोडलेल्या किंवा रात्री अंगणात साखळीला ठेवलेल्या कुत्र्यांच्या आहेत. दिवसा माणसं जागी असताना कुत्रे आवारात मोकळे हवेत. दिवेलागणीनंतर ते चार भिंतींत, छपराखाली हवेत. एवढं पक्कं केलंत की कुंपणाचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

आधी बिबट्या. कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं खाणं आहे. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. तो भाग उसाचा, आपला झाडीचा आणि सड्याचा (जांभ्याच्या कातळी माळाचा), त्यामुळे आकडा इथे तसाच लागू करता येणार नाही. पण वस्तीजवळ वावरणारा बिबट्या कुत्रा शोधतच येतो, हे आपल्याकडेही रोजच्या अनुभवातलं आहे. ३५ किलोचा शेफर्ड बिबट्याला पळवून लावेल ही समजूत सोडून द्या. बिबट्या समोरून लढायला येत नाही. तो आवाज न करता येतो, मान पकडतो आणि उचलून नेतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नसते.

दुसरा धोका लोक उघडपणे बोलत नाहीत. रानडुकरांसाठी बागांच्या कडेला गावठी बॉम्ब ठेवले जातात: स्फोटक पिठात किंवा चरबीत गुंडाळलेलं, दातांखाली आलं की फुटणारं. वायरचे फासेही लावलेले असतात. दोन्ही बेकायदा, आणि तरी सर्रास. रात्री मोकळा फिरणारा कुत्रा चरबीच्या वासाला हमखास जातो. जबडा फुटलेला कुत्रा टेबलावर आला की वेदना कमी करण्यापलीकडे आमच्या हातात फारसं काही उरत नाही. आणि तिसरे साप. घोणस, मण्यार रात्रीच हिंडतात, आणि जांभ्याच्या सांदीतलं फुरसं आपल्या जिल्ह्यात घराघराच्या ओळखीचं आहे.

राखणीचं म्हणाल, तर कुत्र्याचं काम भुंकून तुम्हाला उठवणं. ते तो बंद खोलीतूनही तितकंच करतो. चोर कुत्र्याच्या आवाजाला बिचकतो, तो कुठल्या बाजूला आहे हे बघत बसत नाही.

आता दिवसभर बांधून ठेवण्याबद्दल. साखळीला राहिलेला मोठा कुत्रा शांत होत नाही, चिडका होतो. येणारा प्रत्येक माणूस दिसतो, पण त्याच्याजवळही जाता येत नाही आणि त्याच्यापासून लांबही होता येत नाही. हे रोज घडलं की एक दिवस साखळी तुटते किंवा कोणी नकळत टप्प्यात येतं आणि चावा बसतो. गडग्याजवळ बांधलेला कुत्रा उडी मारून पलीकडे लोंबकळला आणि गळफास बसला, असंही मी पाहिलंय. कायदाही हेच सांगतो: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात आखूड किंवा जड साखळीला अवाजवी काळ बांधून ठेवणं आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, दोन्ही गुन्हे आहेत.

म्हणून पहिलं काम कुंपण नाही, रात्रीची खोली. तुमच्या घराला जुना रिकामा गोठा असेल तर अर्धी लढाई जिंकलीच समजा. दोन मोठ्या कुत्र्यांना दहा बाय बारा फूट जागा पुरते. चिऱ्याच्या भिंती चांगल्याच, पण खरी कमजोर बाजू वर असते: कौलारू छपरातून बिबट्या आत उतरू शकतो. कौलांच्या खाली, वाशांना घट्ट ठोकून, जाड तारेची वेल्डमेश (जोडांवर वेल्डिंग केलेली जाळी) लावा. दोन इंची चौकोन, १० गेज तार. खिडक्यांनाही तीच. चेनलिंक (तारा एकमेकींत अडकवून विणलेली) जाळी इथे नको, ती ओढली की सैल होते. दार सळ्यांचं किंवा जाड फळ्यांचं, कडी बाहेरून आणि खाली-वर अशा दोन ठिकाणी, कारण एकाच कडीचं दार खालच्या कोपऱ्यात वाकवता येतं. खिडक्यांना आतून मच्छरदाणीची जाळीही लावा.

पाऊस आपल्याकडे नैऋत्येकडून मारतो. त्या बाजूची भिंत पूर्ण बंद ठेवा, दार आणि हवा पूर्वेकडून घ्या. जोतं अंगणापासून फूटभर उंच हवं, जमीन दाराकडे उतरती. सारवलेली जमीन उन्हाळ्यात छान असते, पण जुलैत ओल धरते, आणि मोठ्या वजनाच्या कुत्र्याच्या कोपरांना आणि पोटाला त्या ओलीने चट्टे येतात. सहा इंच उंचीची फळ्यांची बाज करून द्या, दोघांना वेगवेगळी. पत्र्याचं छप्पर असेल तर दिवसा तिथे त्यांना अजिबात कोंडू नका. दमट हवेत कुत्र्याचं धापा टाकून अंग थंड करणं आधीच अपुरं पडतं, त्यात मे महिन्यातला पत्रा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे गेलं की उष्माघात धरून चालायचं. साधं पाणी अंगभर ओतायचं, पंखा लावायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

रात्री नऊ-साडेनऊला शेवटची शी-शू, पट्टा लावून, हातात चांगली बॅटरी घेऊन, घराच्या दिव्याच्या उजेडातच. सकाळी पूर्ण उजाडल्यावरच दार उघडायचं. पहाटेची वेळ बिबट्याचीही असते. गावात बिबट्याचा वावर सुरू झाला असं वाटलं तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः मागावर जाऊ नका.

आता कुंपण. इथे दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवा. कुंपण कुत्र्यांना आत ठेवण्यासाठी, खोली बिबट्याला बाहेर ठेवण्यासाठी. बिबट्याला अडवेल असं कुंपण करायला गेलात तर पैसे संपतील आणि बिबट्या तरीही येईल. सहा फुटांची भिंत त्याला काहीच नाही.

वीस गुंठ्यांना कुंपण घालायचं मनातून काढून टाका. जागा चौरस धरली तरी घेर जवळजवळ ६०० फूट होतो, आणि तेवढ्या लांबीत दर पावसाळ्यात कुठे ना कुठे भगदाड पडणारच. त्याऐवजी घर, खळं (पुढचं अंगण) आणि मागचं परसू धरून पाच गुंठे कुंपणात घ्या. घेर ३०० फुटांच्या आत येतो, म्हणजे निम्मा, आणि रोज सकाळी एक फेरी मारून तपासता येतो. दोन मोठ्या कुत्र्यांना पाच गुंठे भरपूर आहेत. नारळ पाडायला येणारा पाडेली, शिंपण्याचा माणूस, सुपाऱ्या वेचणाऱ्या बायका या सगळ्यांची ये-जा कुंपणाबाहेर राहते. नारळ आणि झाप (माडाच्या झावळ्या) डोक्यात पडण्याचा धोकाही बराच कमी होतो. पाच गुंठ्यांत एखादा माड आलाच तर त्याचे नारळ वेळेवर उतरवून घ्या, आणि त्याच्याखाली कुत्र्यांचं पाण्याचं भांडं किंवा बसायची जागा ठेवू नका.

आणखी एक मोठा फायदा असा की तुमचं जुनं बेडं आपोआप दुसरं फाटक होतं. कुत्रा निसटतो तो बहुतेक वेळा उडी मारून नव्हे, उघड्या फाटकातून. पोस्टमन, गॅसवाला, पाहुणे. कोणीतरी फाटक लोटतं आणि ते अर्धवट राहतं. आतलं फाटक कुंपणाला आणि बाहेरचं बेडं गडग्याला अशी रचना झाली की एक चुकलं तरी दुसरं असतं. बांबूच्या दोन दांड्यांमधून लॅब्रेडॉरही जाईल, म्हणून बेड्याला खालच्या तीन फुटांत जाळी मारून घ्या. आतलं फाटक आतल्या बाजूला उघडणारं करा, म्हणजे कुत्र्याने अंग टाकलं की ते आणखी घट्ट बसतं. स्प्रिंगने आपोआप मिटणारं असेल तर उत्तमच. कडी अशी हवी की पंजाने किंवा नाकाने वर ढकलून उघडणार नाही. शेफर्ड हे दोन दिवसांत शिकतो. फाटकाखालची फट तीन इंचांपेक्षा जास्त नको.

गडग्यावरच आणखी चिरे चढवून उंची वाढवायचा विचार असेल तर तो करू नका. सुका रचलेला गडगा वरचं वजन पेलत नाही, पहिल्या मोठ्या पावसात ढासळतो. गडग्यावर खांब रोवून जाळी लावली तर दुसरी अडचण: जांभ्याचा खडबडीत गडगा कुत्र्याला पायरी होतो, आणि सहा फुटांचं कुंपण त्याच्या दृष्टीने तीन फुटांचं उरतं. उंची नेहमी कुत्रा जिथून उडी घेतो तिथून मोजायची. म्हणून कुंपण गडग्यापासून निदान तीन फूट आत. मधल्या पट्ट्यातून माणसाला कोयता घेऊन चालता आलं पाहिजे, नाहीतर तिथे रान माजतं आणि सापांची सोय होते. कुंपणाच्या आतल्या बाजूला लाकडांची उतरंड, पाण्याची टाकी, चिऱ्यांचा ढीग असं काही टेकवून ठेवू नका. ती शिडीच असते.

उंची शेफर्डसाठी सहा फूट, आणि त्यावर दीड फूट आतल्या बाजूला तिरका कललेला लोखंडी अँगल, त्यालाही जाळी. वर चढत आलेल्या कुत्र्याला डोक्यावर जाळी दिसली की तो मागे फिरतो. लॅब्रेडॉरला पाच फूटही पुरले असते, पण तुम्हाला दोघांचा विचार करायचाय. जाळी चेनलिंक चालेल, दोन इंची, जाड तारेची, पीव्हीसीचं आवरण असलेली. खांब आठ-दहा फुटांवर, जमिनीत दोन फूट, काँक्रीटमध्ये.

खाली काय करायचं ते जमिनीवर ठरतं. घर सड्यावर कातळात असेल तर कुत्रा उकरू शकत नाही, पण खांब रोवणं महाग पडतं. किनाऱ्याजवळ पुळणीची (वाळूची) जमीन असेल तर उलटं. खांब सहज बसतात, आणि शेफर्ड दुपारच्या झोपेच्या वेळात बोगदा पाडतो. पुळणीत जाळीचा दोन फुटांचा पट्टा कुंपणाच्या तळाला जोडून आतल्या बाजूला जमिनीवर आडवा टाकायचा, त्यावर माती आणि चपटे चिरे. कुत्रा कुंपणाच्या अगदी कडेलाच उकरतो, तिथे त्याच्या नखांना जाळी लागते आणि तो सोडून देतो.

खारी हवा सगळ्यात जास्त खाते ती बिजागऱ्या, कड्या आणि वेल्डिंगचे जोड. समुद्र दिसतो इतक्या अंतरावर घर असेल तर बिजागऱ्या-कड्या स्टेनलेस स्टीलच्या, शक्य झालं तर ३१६ दर्जाच्या घ्या. ३०४ तिथे लवकर डागाळतो. रंग दरवर्षी पावसाआधी. जाळी खालच्या वीतभर भागात आधी सडते, कारण तिथे पालापाचोळा साचून ओल राहते. वरून छान दिसणारं कुंपण बोटाने दाबलं की खाली भुगा होतो, म्हणून रोजच्या फेरीत नजर खाली असू द्या.

पावसाचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या मोऱ्या ही कोकणातल्या आवाराची खास जागा. त्या बंद करता येत नाहीत, कारण पाणी तुंबलं की भिंतच बसते. त्यातून कुत्रा सहज जातो, त्यामुळे उघड्याही ठेवता येत नाहीत. उभ्या सळ्या तीन इंचांवर बसवा आणि ही जाळी वर उचलून साफ करता येईल अशी ठेवा. जूनमध्ये ती दर दोन दिवसांनी पाचोळ्याने भरते.

रस्त्याकडच्या बाजूला खालच्या चार फुटांत आडोसा करा, झापांचा किंवा शेडनेटचा. जाणारं-येणारं दिसलं नाही की कुंपणाकाठी धावून भुंकणं खूप कमी होतं, आणि उडी मारायची ऊर्मी त्या धावण्या-भुंकण्यातूनच तयार होते. पूर्ण उंचीला शेडनेट लावू नका. पावसाळी वाऱ्यात ते शिडासारखं भरतं आणि खांब वाकवतं. शेराचं जुनं कुंपण असेल तर ते कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा, त्याचा चीक डोळ्यात गेला की डोळा जातो की काय अशी अवस्था होते.

माकडं-डुकरांसाठी काहीजण झटका मशीन (कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारं) लावतात. मान्यताप्राप्त मशीनचा झटका क्षणभराचा असतो आणि जीव घेत नाही, पण कुत्र्यांच्या कुंपणाला तो लावू नका. झटका बसलेला कुत्रा कधी घाबरून बाहेरच उडी घेतो आणि परत आत यायला तयार होत नाही. घरातल्या लाइनवरून थेट तारेत वीज सोडणं हा तर माणसं मारणारा प्रकार आहे.

विहीर. कठडा नसेल किंवा गुडघ्याएवढाच असेल तर कुंपणाची वाट न बघता तो आधी चार फुटांचा करून घ्या, वर लोखंडी जाळीचं झाकण. माकडामागे धावणारा कुत्रा खाली बघत नाही.

माकडांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुमच्या शेफर्डचं खरं दुखणं तेच आहे. कुंपणाला टेकलेल्या फांद्या छाटा, म्हणजे माकडं कुंपणावरून वाकुल्या दाखवत बसणार नाहीत. गळलेली फळं, ओले नारळ, खरकटं खळ्यात ठेवू नका. आणि "ये" म्हटलं की परत येणं त्याला रोज शिकवा, सुरुवातीला माकडं नसताना, हातात सुकटीचा तुकडा घेऊन. आवार कितीही मोठं असलं तरी तो त्याचा व्यायाम होत नाही. सकाळ-संध्याकाळ पट्ट्यावर तासभर चालवून आणलेला शेफर्ड दुपारी झोपतो, न चाललेला कुंपण तपासत बसतो. नराची नसबंदी झालेली नसेल तर करून घ्या. वाडीत कुत्री माजावर आली की सहा फुटांचं कुंपणही काही नर मोजत नाहीत.

गोचिडांसाठी गडगा आणि गोठ्याच्या भिंती महत्त्वाच्या. गोचिडाची मादी कुत्र्यावरून उतरून भेगेत हजारोंनी अंडी घालते, म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही. रात्रीच्या खोलीच्या भिंतींच्या भेगा सिमेंटने किंवा चुन्याने भरून घ्या. लेप्टोची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराची) लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात, आणि रेबीजची दरवर्षी. दोन्हींच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. कुत्र्याच्या खाण्याची भांडी रात्री उघड्यावर नकोत. उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात.

साप चावलाच तर तोंड किंवा पुढचा पाय झपाट्याने सुजतो. मण्यार चावल्यास सूज दिसतही नाही, नुसते मागचे पाय लुळे पडत जातात. दोरी आवळू नका, कापू नका, चालवू नका, उचलून गाडीत घाला. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं या चौघांवर चालणारी जी विष उतरवणारी लस माणसांना देतात तीच कुत्र्यांना चालते. पण ती जवळच्या कुठल्या पशुवैद्यकाकडे खरोखर उपलब्ध असते हे आज विचारून ठेवा. तुमच्यापासून चिपळूण चाळीसेक किलोमीटर. रात्री दोन वाजता फोन लावत बसायची ती वेळ नसते.

सणांचं आत्तापासून ठरवून ठेवा. शिमग्यात पालखी खळ्यात येते, ढोल वाजतात, नाचणारे दारात असतात. त्या दिवशी पालखी गावात निघण्याआधीच दोघांना घराच्या आतल्या खोलीत, पंखा लावून, चघळायला काहीतरी देऊन ठेवा. गणपतीत चाकरमानी आले की फाटक दिवसभर उघडं राहतं. तेव्हा फाटकाची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे. वादळाचा इशारा आला की कुत्रे आत. जून २०२० च्या निसर्ग वादळात आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडं पडून कुंपणं मोडली आणि घाबरलेले कुत्रे लांबवर गेले. गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाइल नंबर कोरलेली पट्टी हवीच, आणि मायक्रोचिप बसवून घेतली तर अधिक चांगलं.

वासराच्या प्रसंगाबद्दल शेजाऱ्यांकडे स्वतः जा. वासराला लागलं असेल तर उपचाराचा खर्च द्या, आणि कुंपणाचं काम कधी सुरू होणार ते सांगा. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणे आपल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण गावात कायद्याआधी शेजार असतो. उद्या तुमचा कुत्रा पुन्हा सुटला तर तो कुठे दिसला हे तेच सांगणार आहेत.

पैसे एकदम लावणं जमणार नसेल तर आधी रात्रीची खोली, मग विहिरीचा कठडा, मग फाटकं, आणि शेवटी जाळी. खांबांचं काम मात्र पावसाआधी उरकून घ्या, भिजलेल्या मातीत ते नीट बसत नाहीत. कुंपण होईपर्यंत शेफर्डला खळ्यात सोडताना वीस-पंचवीस फुटांची लांब दोरी लावा, दोरीचं टोक तुमच्या हातात, माडाला बांधलेलं नको, आणि दोरी गळ्याच्या पट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याला लावा.